मुलाच्या ताब्याचा वाद आणि छळाचे आरोप : कौटुंबिक न्यायालय नेमकं काय करतं?

ताब्याचा दावा चालू असताना आई किंवा वडील म्हणतात, ‘त्या घरात माझ्या मुलाला इजा होते आहे’, आणि तिथून दाव्याचा रंगच बदलतो. या पानावर दोन्ही बाजूंचे पालक येतात. काही जण मुलाच्या काळजीने रात्रभर जागे असतात, तर काही जण न केलेल्या कृत्याच्या आरोपाने हादरलेले असतात. दोघांचेही प्रश्न इथे घेतले आहेत.

कायदे देशागणिक वेगळे आहेत. जिथे एखादा नियम ठरावीक देशाचा आहे, तिथे त्या देशाचं नाव दिलं आहे. तुमच्या दाव्यात काय करायचं हे तुमची कागदपत्रं वाचलेला वकीलच सांगू शकेल. पण न्यायालय कसा विचार करतं आणि कुठे चुकतं, हे कळलं की त्याच वकिलाला योग्य प्रश्न विचारता येतात.

आरोप झाला की न्यायालय सगळ्यात आधी काय करतं?

आधी तातडी बघितली जाते. मूल आज रात्री कुठे झोपणार आहे आणि तिथे ते सुरक्षित आहे का, हा पहिला प्रश्न. त्यावर अंतरिम आदेश होतो: भेटी तात्पुरत्या थांबतात, किंवा तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली चालू राहतात, किंवा आहेत तशाच राहतात. भारतात घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. भेट मुलाच्या हिताला बाधक आहे असं त्यांचं मत झालं, तर त्यांनी ती नाकारायची असते, असंही तेच कलम सांगतं.

त्यानंतरची पायरी जास्त महत्त्वाची आहे. जे घडलं म्हणता ते घडलं की नाही, हे पुरावा घेऊन ठरवायचं. मग त्या निष्कर्षावर ताबा आणि भेटी ठरवायच्या. हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. ‘आरोपांचं पुढे बघू, तोवर भेटी सुरू करा’ असं म्हणत महिने जातात, मूल त्या व्यवस्थेला जुळतं किंवा जुळत नाही, आणि शेवटी ती व्यवस्थाच निकाल होऊन बसते. इंग्लंड-वेल्समध्ये न्यायाधीशांना यासाठी वेगळी कार्यपद्धती घालून दिली आहे. तिचं नाव ‘प्रॅक्टिस डायरेक्शन १२ जे’. आरोप खरा ठरला तर आदेशावर फरक पडेल का, आणि पडणार असेल तर त्यासाठी वेगळी सुनावणी हवी का, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवायचं असतं. तुमच्या देशात असा लेखी नियम असो वा नसो, ही मागणी पहिल्याच काही तारखांना अर्जातून करता येते. मी तर म्हणेन, करायलाच हवी.

‘छळ’ म्हणजे फक्त मारहाण आणि लैंगिक अत्याचार का?

नाही. भारताचा २००५ चा कायदा शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही मोजतो. कॅनडाच्या घटस्फोट कायद्यात १ मार्च २०२१ पासून कौटुंबिक हिंसेची सविस्तर व्याख्या आहे. धाक दाखवून दुसऱ्याचं जगणं ताब्यात ठेवण्याची सवय, म्हणजे फोन तपासणं, पैसे अडवणं, माणसं तोडणं, हीसुद्धा त्यात हिंसा ठरते, मग ती गुन्ह्याच्या कलमात बसो वा न बसो. मुलाने ती बघितली किंवा ऐकली तरी तिथे ती मुलावरची हिंसा मानली जाते. इंग्लंडच्या २०२१ च्या कायद्यातही तसंच आहे. घरातला छळ बघणारं, ऐकणारं किंवा त्याचे परिणाम सोसणारं मूल स्वतःच पीडित समजलं जातं.

ही व्याख्या कागदावरच राहू नये, म्हणून एक दृश्य सांगतो. मूल चित्र काढत बसलेलं असतं. दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येतो आणि त्याचा हात थांबतो. आत येणाऱ्याच्या पावलांवरून आज मूड कसा आहे याचा अंदाज घेऊन ते एक तर चित्र पुढे काढतं, किंवा खडू गोळा करून दुसऱ्या खोलीत जातं. त्याच्या अंगावर एकही वळ नसतो. ‘मुलाला कधी हात लावलेला नाही’ हे वाक्य खरं असूनही अपुरं का आहे, ते इथे समजतं.

म्हणून अर्जात सुट्या घटनांची यादी देऊन थांबू नका. त्यांना जोडणारा धागा दाखवा. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०२१ च्या एका निकालात हेच सांगितलं: सुट्या घटनांचे रकाने भरत बसलं की एकूण वागणुकीची चाल नजरेतून सुटते.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही, किंवा समोरची व्यक्ती निर्दोष सुटली. मग कौटुंबिक न्यायालयात तो आरोप संपला का?

संपला नाही. फौजदारी न्यायालयात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कारण तिथे माणसाला तुरुंगात पाठवायचं असतं. कौटुंबिक न्यायालय दिवाणी आहे. घडल्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे का, एवढंच तिथे तोललं जातं. वैवाहिक दाव्यांत हेच पारडं वापरायचं, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दास्ताने विरुद्ध दास्ताने या गाजलेल्या निकालात स्पष्ट केलं. आरोप गंभीर आहे म्हणून पुरावाही जास्त जड हवा, असा एक समज बराच काळ होता. इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने २००८ मध्ये मुलांच्या प्रकरणांपुरता तो पुसून टाकला. आरोप कितीही गंभीर असला तरी पारडं तेच.

त्यामुळे निर्दोष सुटका दाखवली की कौटुंबिक न्यायालयाचं दार बंद होतं, असं नाही. उलट बाजूनेही हे लक्षात ठेवा. नुसती फिर्याद दाखल आहे, म्हणून इथे आरोप सिद्ध झाला असंही होत नाही.

‘सिद्ध झालं नाही’ म्हणजे आरोप खोटा होता, असंच ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, घडलं असं सिद्ध झालं. दोन, घडलं असं सिद्ध करता आलं नाही. तीन, घडलंच नव्हतं आणि सांगणाऱ्याला ते माहीत होतं. दुसऱ्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारणं हा तर्क नाही, अन्याय आहे. बंद दाराआड, साक्षीदाराशिवाय आणि बऱ्याचदा बोलताही न येणाऱ्या मुलाबाबत जे घडतं, त्याचा पुरावा हाती न लागणं हे स्वाभाविक आहे. कोणी जाणूनबुजून खोटं रचलं, हाही एक आरोपच आहे, आणि तो करणाऱ्याने तो सिद्ध करायला हवा.

त्याच वेळी हेही खरं की सिद्ध न झालेल्या आरोपाचं ओझं न्यायालय समोरच्या पालकावर कायमचं लादू शकत नाही. २००८ च्या त्याच इंग्लिश निकालात याला शून्य आणि एकची उपमा दिली आहे. घटना सिद्ध झाली तर एक, नाही तर शून्य. ‘कदाचित घडलं असेल’ म्हणून अर्धा आकडा देता येत नाही. आरोप करणाऱ्या पालकाला हे फार झोंबतं. पण ज्या नियमाने उद्या तुमच्यावरचा संशय पुसला जाईल, तो हाच नियम.

पण ताब्यासाठी लोक खोटे आरोप करतात, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे?

काही जण करतात. किती जण, हे मात्र ‘सगळ्यांना माहीत’ असल्यापेक्षा वेगळं आहे. कॅनडात १९९८ मध्ये देशभरातल्या बालसंरक्षण तपासांचा मोठा अभ्यास झाला. त्यात तपासणीसांच्या मते जाणूनबुजून रचलेल्या तक्रारी एकूण तक्रारींच्या ४ टक्के होत्या. ताब्याचा किंवा भेटीचा वाद चालू असलेल्या प्रकरणांत हे प्रमाण १२ टक्के निघालं, म्हणजे जास्त. हे दडवण्याचं काही कारण नाही. पण उरलेल्या ८८ टक्क्यांत एक तर छळ झालेला होता किंवा त्याचा संशय होता, नाही तर तक्रार प्रामाणिक होती आणि पुरावा मिळाला नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते. रचलेल्या तक्रारी सर्वांत जास्त कोणाकडून आल्या, तर निनावी लोकांकडून आणि ज्यांच्याकडे मुलाचा ताबा नव्हता अशा पालकांकडून, म्हणजे बहुतेक वडिलांकडून. ताबा असलेल्या आया आणि खुद्द मुलं यांच्याकडून त्या सर्वांत कमी आल्या.

एका देशाचा एका वर्षाचा अभ्यास तुमच्या प्रकरणात काय घडलं ते सांगू शकत नाही. मात्र ‘दावा चालू असतानाच कसं आठवलं?’ हा टोमणा पुरावा होऊ शकत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. अनेकदा दावा चालू असतानाच बोलता येतं, कारण माणूस त्या घरातून बाहेर पडलेला असतो.

माझ्यावर खोटा आरोप झाला आहे. मी काय करू?

पहिला आठवडा फार काळजीने घालवा. रागाच्या भरात पाठवलेले मेसेज पुढे तुमच्याविरुद्ध वाचून दाखवले जातात. मुलाला शाळेच्या फाटकावर गाठून ‘तू असं का सांगितलंस?’ असं विचारलंत, तर आरोप खरा असो वा खोटा, न्यायाधीशांच्या मनात तुमच्याविषयी जी शंका उभी राहील ती सहज जाणार नाही.

देखरेखीखालच्या भेटी देऊ केल्या तर त्या नाकारू नका. कमीपणा वाटतो, हे मला कळतं. पण त्या भेटींची नोंद राहते, आणि मूल तुमच्याजवळ कसं बसतं, कसं हसतं, हे तटस्थ माणसाने लिहिलेलं असतं. जुने फोटो, शाळेच्या सभांची हजेरी, डॉक्टरांकडे कोण नेत होतं याचे कागद आणि त्या काळात घरात ये-जा असणाऱ्यांची नावं गोळा करा. आणि आरोपांचा फैसला लवकर व्हावा असा अर्ज तुम्हीच द्या. वेळ गेला की नुकसान तुमचंच जास्त होतं.

खोट्या तक्रारीला शिक्षा आहे का, असं बरेच जण विचारतात. भारतात पोक्सो कायद्याच्या, म्हणजे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम २२ मध्ये बदनामी, खंडणी किंवा धमकीसाठीच केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा आहे. मात्र तक्रार मुलाने केली असेल तर मुलाला शिक्षा नाही. हे कलम सुरुवातीलाच उगारू नका. आधी आरोपाला उत्तर द्या.

कोणता पुरावा उपयोगी पडतो?

घटनेच्या वेळीच झालेली नोंद. बाकी सगळं त्यानंतर.

दोन नोंदी बघा. पहिली: ‘भेटीनंतर मूल नेहमी घाबरलेलं असतं. तिकडे त्याला मारतात.’ दुसरी: ‘रविवार, संध्याकाळी ७. भेटीहून परत आला. बूट न काढता दारातच बसून राहिला. अंघोळीच्या वेळी डाव्या दंडावर आतल्या बाजूला चार ठिपके दिसले, बोटांच्या अंतरावर. मी काही विचारलं नाही. कपडे घालताना म्हणाला, “हात ओढला की दुखतं.” फोटो काढला. सोमवारी सकाळी डॉक्टरांना दाखवलं.’ पहिल्या नोंदीत तुमचा निष्कर्ष आहे. दुसरीत दिवस, वेळ, जागा, मुलाचे स्वतःचे शब्द आणि तुम्ही काय केलं ते आहे. उलटतपासणीत दुसरी टिकते.

शाळेतल्या शिक्षकांची निरीक्षणं, शेजाऱ्यांची साक्ष, जुने मेसेज आणि पूर्वीचे संरक्षण आदेश हे सगळं कामाचं आहे. भारतात कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १४ ने न्यायाधीशांना मोकळीक दिली आहे. एरवी पुराव्याच्या कायद्यात न बसणारा अहवाल किंवा कागदही वाद सोडवायला मदत करणारा असेल तर ते विचारात घेऊ शकतात.

वैद्यकीय तपासणीबद्दल एक गैरसमज काढून टाका. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या शारीरिक तपासणीत काहीही आढळत नाही. जखमा नसतात, किंवा लवकर भरून येतात. ‘तपासणी सामान्य’ या शेऱ्यावरून अत्याचार झाला नाही असं म्हणता येत नाही.

मुलाचं चोरून रेकॉर्डिंग करणं मात्र टाळा. वकिलाला विचारल्याशिवाय तर नकोच. अशा रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा मुलापेक्षा पालकाचेच प्रश्न जास्त ऐकू येतात.

मुलाचं म्हणणं न्यायालय ऐकतं का? त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतात का?

ऐकतं, पण बहुतेक ठिकाणी पिंजऱ्यात उभं करत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ सांगतं की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला ते मांडता आलं पाहिजे, आणि वय व समज बघून त्याला वजन दिलं पाहिजे. भारतात पालक आणि पाल्य कायदा, १८९० च्या कलम १७ मध्येही हेच तत्त्व आहे. प्रत्यक्षात न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी बोलतात, किंवा समुपदेशक बोलून अहवाल देतात. ऑस्ट्रेलियात मुलासाठी स्वतंत्र वकील नेमण्याची सोय आहे.

‘तुला कोणाकडे राहायचं आहे?’ आणि ‘तुझ्यासोबत काय घडलं?’ हे प्रश्न मात्र एक नव्हेत. पहिल्यात मुलाची इच्छा कळते. दुसऱ्यात तपास आहे, आणि तो तपासाचं शिक्षण घेतलेल्या माणसानेच करावा. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात एका बालवाडीतल्या अत्याचाराच्या आरोपांवरून मोठा खटला झाला. शेकडो मुलांना पुन्हा पुन्हा आणि सुचवून विचारण्यात आलं. वर्षानुवर्षं खटला चालून १९९० मध्ये तो एकाही शिक्षेविना संपला. खरंच कुठल्या मुलाला इजा झाली होती का, हे कळण्याचा मार्गच त्या प्रश्नांनी बुजवून टाकला. त्यातून आणि पुढच्या संशोधनातून मोकळे प्रश्न विचारण्याची शिस्त आली. आइसलँडने १९९८ मध्ये ‘बार्नाहूस’ म्हणजे मुलांचं घर सुरू केलं. तिथे एकाच छताखाली, घरासारख्या खोलीत, एकच प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी बोलते. पोलीस, वकील आणि बालसंरक्षण अधिकारी दुसऱ्या खोलीतून बघतात. मुलाला तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. युरोपातल्या अनेक देशांनी ही पद्धत उचलली.

मग मी घरी मुलाला काहीच विचारू नको?

खोदून विचारू नका. मूल स्वतःहून बोललं तर ऐका. ‘बरं झालं मला सांगितलंस’ एवढं म्हणा. ‘मग काय झालं?’ चालेल. ‘बाबांनी इथे हात लावला ना?’ चालणार नाही, कारण उत्तर त्या प्रश्नातच आहे. हातातलं काम सोडून ऐका, चेहरा शांत ठेवा, आणि मूल दुसरीकडे गेल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. पोक्सोखाली असा गुन्हा कळवणं ही कोणाही व्यक्तीची कायदेशीर जबाबदारी आहे. आपण आधी खात्री करून घेऊ आणि मग कळवू, असा विचार करत थांबू नका.

‘मुलाचे कान भरले आहेत’ असा उलट आरोप माझ्यावर झाला. हे ‘पॅरेंटल एलिअनेशन’ काय आहे?

रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये ही कल्पना मांडली. एक पालक मुलाला दुसऱ्याविरुद्ध फितवतो आणि त्यातून मुलाला एक विशिष्ट विकार जडतो, असं त्याचं म्हणणं होतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसूचीत या विकाराला जागा मिळाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणाच्या शब्दसूचीत आलेला हा शब्द २०२० मध्ये काढून टाकला. महिलांवरील हिंसेविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अल्सालेम यांनी २०२३ च्या अहवालात कौटुंबिक न्यायालयांत या संकल्पनेचा वापर थांबवण्याची शिफारस केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये बजावलं की कोणा पालकावर असा शिक्का घाईने मारू नये.

पालक मुलांना फितवतात का? फितवतात. मी ते बघितलं आहे, आणि त्यात मुलाचे हाल होतात. पण मूल भेटीला नकार देतं त्याची कारणं अनेक असू शकतात: भीती, मार, भांडणाचा कंटाळा, त्या घरात मित्र नसणं, किंवा एका पालकाची शिकवण. नकारावरून थेट शिकवणीचा निष्कर्ष काढला की छळाची चौकशी तिथेच संपते. मग आईने भीती सांगितली की तो ‘फितवण्याचा’ पुरावा ठरतो, आणि न सांगितली तर ‘तेव्हा का बोलली नाहीस?’ असं विचारलं जातं. म्हणून क्रम पुन्हा तोच. आधी छळ झाला का ते ठरवा. झाला नाही असं ठरलं, तरच नकाराची बाकीची कारणं तपासायची. तुमच्या वकिलाने हा क्रम लेखी मागावा.

‘समजूतदार पालक’ नावाची एक कसोटी असते. जो दुसऱ्याशी संबंध टिकवू देतो तो चांगला, असं ती मानते. एरवी ती शहाणपणाची आहे. छळाच्या प्रकरणात मात्र ती तक्रार करणाऱ्याचंच तोंड बंद करते. ऑस्ट्रेलियाने २०११ च्या दुरुस्तीने ही तरतूद कायद्यातून काढली. मुलाबद्दलचे मोठे निर्णय दोघांनी समान हक्काने घ्यावेत हे गृहीतकही तिथे ६ मे २०२४ पासून राहिलं नाही.

तज्ज्ञाचा अहवाल माझ्याविरुद्ध आला. आता सगळं संपलं का?

नाही. अहवाल हा पुरावा आहे, निकाल नव्हे. तज्ज्ञ मुलाला किती वेळा आणि कुठे भेटले? दोन्ही पालकांसोबत स्वतंत्रपणे बघितलं का? शाळा आणि डॉक्टरांशी बोलले का? कौटुंबिक हिंसेच्या कामाचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे का? हे उलटतपासणीत विचारता येतं. शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. २०१८ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सात वर्षांच्या एका मुलीला तिच्या वडिलांनी न्यायालयाने मंजूर केलेल्या, देखरेख नसलेल्या भेटीत मारून टाकलं. तिच्या आईने वडिलांच्या हिंसक वागण्याबद्दल न्यायालयाला सांगितलं होतं. तिच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद, ‘केडन्स लॉ’, २०२२ मध्ये केंद्रीय कायद्यात आली. अशा प्रकरणांत हिंसेच्या कामाचा अनुभव असलेल्यांचीच तज्ज्ञ-साक्ष घेणाऱ्या आणि न्यायाधीशांना नियमित प्रशिक्षण देणाऱ्या राज्यांना तिने जादा निधी देऊ केला.

मध्यस्थीला बसावंच लागेल का?

बहुतेक कौटुंबिक न्यायालयं आधी समेटाचा प्रयत्न करतात. भारतात कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ ने ते न्यायालयाचं कर्तव्यच आहे. पण जिथे एकाला दुसऱ्याची धास्ती आहे, तिथे समोरासमोर बसून झालेली तडजोड खरी नसते. २०११ चा युरोपीय इस्तंबूल करार हिंसेच्या प्रकरणांत सक्तीची मध्यस्थी बंद करायला सांगतो. तुमच्या देशात ते बंधन नसेल, तरी वेगळ्या खोल्या, वेगळी वेळ किंवा व्हिडिओवरून बोलणं मागता येतं. भीती वाटते हे समुपदेशकाला पहिल्याच भेटीत सांगा.

ती व्यक्ती स्वतः माझी उलटतपासणी घेईल का?

वकील नसलेल्या पक्षकाराने स्वतःच प्रश्न विचारण्याची वेळ येते, आणि काही जण त्याचा शस्त्रासारखा वापर करतात. इंग्लंडने २०२१ च्या कायद्याने छळाच्या अनेक प्रकरणांत ही थेट उलटतपासणी बंद केली. तिथे न्यायालय वेगळा वकील नेमू शकतं. इतरत्र प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारावेत, मध्ये पडदा असावा, सुनावणी बंद दाराआड व्हावी, अशी विनंती करता येते. भारतात कौटुंबिक न्यायालयाची सुनावणी एका पक्षाने मागितली तर बंद दाराआड घ्यावीच लागते.

देखरेखीखालची भेट म्हणजे प्रत्यक्षात काय?

एक खोली, दोन-चार खेळणी, कोपऱ्यात वही घेऊन बसलेली एक व्यक्ती. पालक आधी येतो, मूल वेगळ्या दाराने. ‘घरी परत ये, मी रोज रडतो’ असं पालक बोलायला लागला की देखरेख करणारी व्यक्ती थांबवते. कानात कुजबुजणं चालत नाही. मूल ‘बस’ म्हणालं तर भेट संपते. वहीत काय लिहिलं जातं? ‘मुलगी पहिली दहा मिनिटं पाठमोरी बसली. वडिलांनी कोडं पुढे सरकवलं, जबरदस्ती केली नाही. विसाव्या मिनिटाला तिने एक तुकडा लावला.’

काका, आजी किंवा जुना मित्र यांना देखरेखीला नेमण्याची पद्धत सर्रास दिसते. ती स्वस्त आहे आणि धोक्याची आहे. ज्याला आरोपावर विश्वासच नाही, तो देखरेख कशाची करणार? न्यायालयाकडे तटस्थ व्यक्ती मागा, आणि तिच्या नोंदी दाव्याच्या कागदांत येतील असं आदेशात लिहून घ्या.

आरोप सिद्ध झाला तर भेटी कायमच्या बंद होतात का?

आपोआप नाही. बालहक्क कराराच्या कलम ९ नुसार दोन्ही पालकांशी संबंध राखणं हा मुलाचा हक्क आहे, मात्र ते मुलाच्या हिताविरुद्ध नसेल तर. हा हक्क मुलाचा आहे, पालकाचा नव्हे, हे शब्द नीट वाचायला हवेत. सिद्ध झाल्यावर न्यायालय बघतं: इजा किती होती, केलेलं मान्य आहे का, वागणूक बदलण्यासाठी काही केलं का, आणि मुलाला सांभाळणाऱ्या पालकावर भेटीचा काय परिणाम होईल. मुद्दा मान्यच नसेल, तर ‘आता तो बदलला आहे’ याला आधार उरत नाही. गंभीर प्रकरणांत पत्रांपुरता किंवा फोनपुरता संबंध ठेवला जातो, किंवा तोही नाही.

फौजदारी खटला आणि ताब्याचा दावा दोन्ही चालू आहेत. काय काळजी घेऊ?

दोन्ही न्यायालयांना एकमेकांबद्दल आपोआप कळेल असं समजू नका. एका ठिकाणचा प्रत्येक आदेश दुसऱ्या ठिकाणी दाखल करा. एका न्यायालयाने ‘जवळ जाऊ नये’ म्हटलेलं असताना दुसऱ्याने भेटी दिल्या, असं खरोखर घडतं.

भेटीचा आदेश आहे, पण पाठवायची भीती वाटते. नाही पाठवलं तर?

डोळ्यांसमोर धोका असेल तर आधी पोलीस आणि बालसंरक्षण यंत्रणा. तसं नसेल तर आदेश स्वतःच मोडू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बदलाचा तातडीचा अर्ज द्या. आदेश मोडला की चर्चा मुलाच्या सुरक्षिततेवरून तुमच्या वागण्यावर सरकते, आणि तिथून ती परत आणणं अवघड जातं.

मी मुलाला घेऊन दुसऱ्या देशातून आले आहे. मला परत पाठवतील का?

१९८० चा हेग करार मुलाला त्याच्या नेहमीच्या देशात परत पाठवायला सांगतो, म्हणजे ताब्याचा निर्णय तिथल्या न्यायालयाने घ्यावा. कलम १३ मध्ये अपवाद आहे: परत गेल्याने मुलाला इजेचा गंभीर धोका असेल तर. भारत या कराराचा सदस्य नाही. इथली न्यायालयं मुलाचं हित बघून ठरवतात, आणि परदेशी आदेशाला त्यात वजन असतं. निघण्याआधी दोन्ही देशांतल्या वकिलांशी बोललेलं केव्हाही बरं. आधीच निघून आला असाल, तर तिथले डॉक्टरांचे आणि पोलिसांचे कागद आजच मागवायला सुरुवात करा.

निकाल लागला. आता काही बदलता येईल का?

ताब्याचे आदेश कायमचे नसतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितलं की परिस्थिती बदलली तर मुलाच्या हितासाठी ते बदलता येतात. पण जुनाच आरोप जुन्याच पुराव्यावर पुन्हा मांडला तर फारसं हाती लागत नाही. काहीतरी नवं घडलेलं असावं, किंवा तेव्हा न मिळालेलं आता मिळालेलं असावं. अपिलाची मुदत मात्र छोटी असते. निकालाची प्रत हातात येताच तारीख बघा.

या सगळ्याबद्दल मुलाला काय सांगू?

थोडं, आणि खरं. मुलाला दाव्याचे कागद दाखवू नका, तारखेला काय झालं ते सांगू नका, त्याच्यासमोर वकिलाशी फोनवर बोलू नका. ‘जिंकलो’ आणि ‘हरलो’ हे शब्द घरात नकोत. लहान मुलांना बहुतेक वेळा वाटतं की आपण बोललो म्हणून हे सगळं झालं. तो प्रश्न त्यांनी विचारायची वाट बघू नका. झोपवताना, दिवा मालवण्याआधी, साध्या आवाजात सांगा: ‘तू सांगितलंस ते बरोबर केलंस. कुठे राहायचं हे मोठी माणसं ठरवणार आहेत, ते तुझं काम नाही. उद्या शाळेत मीच सोडायला येणार आहे.’